लसणाचे डेंगळे, आप्पा आणि तेलाची बरणी

*ताई,*

*मी कॅनडात, ओंटारिओतल्या ग्वेल्फला राहतो. शेजारच्या आजोबांनी मागच्या ऑक्टोबरमध्ये ‘म्युझिक’ जातीच्या लसणाचे गड्डे दिले होते. त्याच्या पाकळ्या परसात लावल्या, शंभरावर रोपं आली. एप्रिलमध्ये आप्पा, म्हणजे माझे वडील, जुन्नरहून आले. त्यांचं आयुष्य कांद्यात गेलंय. जूनमध्ये प्रत्येक रोपाच्या मधोमध एक गोल वळलेला दांडा निघाला आणि आप्पा खचलेच. “सगळ्याला डेंगळे आले. बियाणं फसवं दिलं तुला,” असं म्हणून त्यांनी झाडून सगळे दांडे कापले. अडीच किलो भरले. ऑफिसातला कोरियन मित्र म्हणाला, टाकू नका, हे खातात. म्हणून वाळवून ठेवायचं ठरवलं.*

*एक जुडी आप्पांनी गॅरेजमध्ये टांगली, तिची सुतळी झाली. दुसरा हप्ता डेकवर चादरीवर पसरला, दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि बुरशी आली. मग एक व्हिडिओ बघून मी थोडे बारीक चिरले, बरणीत भरले आणि बुडेपर्यंत शेंगदाण्याचं तेल ओतलं. बरणी शेगडीजवळच्या फळीवर नऊ दिवस आहे, वास फार सुंदर येतोय, दोनदा पोळीबरोबर खाल्लंही. फ्रिजमध्ये अजून सव्वा किलो दांडे पडून आहेत. ते नीट वाळवायचे कसे? आणि ऑक्टोबरमध्ये परत जाताना आप्पा ती बरणी गावी नेणार म्हणतात. टिकेल ना?*

*– परसातला नवशिका*

अरे बाबा, वाळवणाचं नंतर बघू. आधी ती बरणी फळीवरून खाली काढ. झाकण उघडून वास घेऊ नकोस, बोट बुडवून चव बघू नकोस, “एवढं चांगलं तेल” म्हणून फोडणीला वापरू नकोस. झाकण लावलेलीच बरणी दोन पिशव्यांत घालून घट्ट बांध आणि कचऱ्यात टाक. सिंकमध्ये ओतायची नाही, परसातल्या खताच्या खड्ड्यातही नाही. फळी ब्लीचच्या पाण्याने पूस, हात साबणाने धू. मग ये पुढचं वाचायला.

आता कारण सांगते, नाहीतर आप्पा म्हणतील ही कोण टिकोजीराव. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत असतो आणि लसूण मातीतूनच येतो. या जिवाणूचे बीजाणू इतके चिवट की उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. उघड्यावर ते निपचित पडून असतात. पण जिथे हवा नाही, आंबटपणा नाही, ओलावा आहे आणि ऊब आहे, तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. आता तुझ्या बरणीचा विचार कर. तेलाने हवा तोडली, दांड्यात पाणी भरपूर, आंबट काहीच नाही आणि जागा कुठली, तर शेगडीशेजारची. त्याला जे जे लागतं ते सगळं तू हाताने मांडून दिलंस. बरं, या विषाला वास नाही, चव नाही. “वास फार सुंदर येतोय” हे वाक्य वाचताना माझ्या पोटात गोळा आला तो त्यासाठीच. 1985 साली तुझ्याच देशात, व्हँकुव्हरला, तेलातल्या चिरलेल्या लसणाने 36 माणसं आजारी पडली होती. तो लसूण फ्रिजबाहेर ठेवलेला होता.

तुम्ही दोनदा खाल्लं आहे, म्हणून हेही लक्षात ठेवा. एकाचे दोन दिसणं, पापण्या ओघळणं, जीभ जड होऊन बोलताना अडखळणं, गिळायला त्रास होणं ही लक्षणं. बहुधा 12 ते 36 तासांत दिसतात, क्वचित आठ-दहा दिवसांनीही. यातलं काहीही जाणवलं, तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. लगेच आपत्कालीन विभाग गाठायचा आणि घरी केलेला तेलातला लसूण खाल्लाय असं स्पष्ट सांगायचं. औषध आहे, पण ते लवकर मिळालं तरच त्याचा उपयोग. बहुतेक काही होणार नाही. तरी आप्पांना हे आजच सांग, त्यांच्यापासून लपवू नकोस.

ते नक्की म्हणतील, आमच्याकडे लसणाचं लोणचं वर्षभर टिकतं ते कसं? बरोबर आहे त्यांचं. पण लोणच्यात लिंबाचा रस असतो, मुठीने मीठ असतं. आंबटपणा पुरेसा असला (शास्त्राच्या भाषेत पीएच 4.6 च्या खाली), की हा जिवाणू वाढत नाही. लसणाच्या कोरड्या चटणीत पाणीच नसतं, तिथेही त्याचं काही चालत नाही. तुझ्या बरणीत आंबट नव्हतं, मीठ नव्हतं आणि दांडे ओले होते. ते लोणचंही नव्हतं आणि चटणीही नव्हती. दुकानात मिळणाऱ्या चिरलेल्या लसणाच्या बरणीचं लेबल वाच, त्यात सायट्रिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड लिहिलेलं दिसेल. ते चवीसाठी घातलेलं नसतं.

आता आप्पांकडे येते. तुझ्या पत्रात मला सगळ्यात आवडले ते आप्पाच.

त्यांना म्हणावं, बियाणं खोटं नाही. शेजारच्या आजोबांना उगाच बोल लावू नका. कांद्याला डेंगळा आला की मान जाड होते, कांदा टिकत नाही, बाजारात कोणी हात लावत नाही. डेंगळा म्हणजे नुकसान हे त्यांच्या हाडात मुरलेलं आहे आणि जुन्नरमध्ये ते खरंच आहे. आपल्याकडचा लसूणही सहसा डेंगळे काढत नाही. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या भीमा पर्पल, भीमा ओंकार अशा जाती आपल्या सौम्य हिवाळ्यासाठी आणि लहान दिवसांसाठी निवडलेल्या. तुझा ‘म्युझिक’ त्या घराण्यातला नाही. त्याला इथले लोक ‘हार्डनेक’ म्हणतात. सगळा हिवाळा बर्फाखाली काढायचा आणि जूनमध्ये दिवस मोठा झाला की मधून दांडा फेकायचा, हाच त्याचा धर्म. दांडा आला नसता तर मी काळजी केली असती!

आणि आप्पांनी दांडे कापले ते उत्तमच केलं. गैरसमजातून केलं असेल, पण केलं बरोबर. दांडा ठेवला की रोप आपली ताकद वर पाठवतं आणि खाली गड्डा लहान राहतो. इथले शेतकरी मुद्दाम दांडा एक वेढा घेईपर्यंत थांबतात आणि मग खुडतात. वेढा सुटून दांडा ताठ उभा राहिला, की तो लाकूड झाला समजायचं.

आता तुझे दोन प्रयोग का फसले ते बघ. आप्पांनी जुडी टांगली ती कांद्याच्या हिशेबाने. पण कांद्याचा डेंगळा आतून पोकळ असतो आणि लसणाचा भरीव. एक दांडा आडवा कापून बघ, आत पांढरट-हिरवा गर ठासून भरलेला दिसेल. वरून मेणचट साल. अख्खा दांडा टांगला तर त्या सालीतून पाणी सुटायला इतके दिवस लागतात, की तोवर दांडा स्वतःच्याच साठ्यावर जगत राहतो. आतला गर संपतो, धागे उरतात. म्हणून सुतळी झाली. डेकवरच्या चादरीबद्दल काय बोलू? मी इथे मिशिगनमध्ये आले तेव्हा पहिल्या उन्हाळ्यात सांडगे घातले होते, तेही डेकवर, तेही आईचं जुनं लुगडं पसरून. तिसऱ्या दिवशी त्यांवर निळसर लव आली. आपलं वाळवण चैत्र-वैशाखात होतं. तेव्हा हवा कोरडी असते, ऊन चटके देतं आणि रात्रीही दगड गरम असतो. या सरोवरांच्या मुलखातल्या जूनमध्ये ऊन दिसतं खूप, पण हवेत ओल असते आणि रात्री दव पडतं. दिवसा गेलेलं पाणी रात्री परत येतं. इथे गच्चीचं काम यंत्राकडे द्यायचं.

तर सव्वा किलोपैकी पाऊण किलो वाळव. उरलेल्याचं मी नंतर सांगते.

दांडे निवडताना दोन्ही टोकं बघ. फुगीर कळीच्या वरची लांब चोच चिवट असते, ती कळीसकट काढून टाक. (कळी ताजी भाजीत चालते, पण वाळवणात ती मागे राहते, आत ओल धरते.) खालचं टोक दोन्ही हातांत धरून वाकव. जिथे कट्कन तुटेल तिथून वरचं घ्यायचं. वाकतंय पण तुटत नाही, तो भाग सालींबरोबर टाक. शेवग्याची शेंग सोलताना हाताला जो दोरा लागतो तसा दोरा लागला, की अजून वर सरकायचं. नंतर दांडे धुऊन पंच्यात गुंडाळून अगदी कोरडे कर.

मग चिरायचे, आणि खरी मेख इथेच आहे. अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या कर. तिरक्या केल्यास आणखी बरं, कारण कापलेली बाजू मोठी मिळते आणि पाणी जातं ते कापलेल्या बाजूनेच. अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे दिसायला छान दिसतात, पण बाहेरून खडखडीत आणि आतून ओले राहतात. सगळ्या चकत्या एकसारख्या हव्यात. आप्पांच्या हातात विळी दिलीस तर तुझ्या सुरीपेक्षा बरं काम होईल असा माझा अंदाज आहे.

उकळत्या पाण्यातून काढायचे नाहीत. इथल्या पुस्तकांत बऱ्याच भाज्यांना ते सांगितलेलं असतं, पण कांद्या-लसणाला नको. लसणाचा वास कापल्यावर तयार होतो. त्याच्या पेशींत एक विकर (एन्झाइम) असतं, ते उष्णतेने मरतं आणि मग उरतो नुसता हिरवा पाचोळा.

वाळवणयंत्र 50 ते 55 अंश सेल्सिअसवर लाव. फॅरनहाइटचं असेल तर 125 ते 130. चकत्या जाळीवर एकेरी पसर, एकीवर एक नको. आठ ते दहा तास लागतात, मध्ये एकदा वरच्या जाळ्या खाली आणि खालच्या वर कर. यंत्र गॅरेजमध्ये ठेव, ही विनंती तुझ्या बायकोच्या वतीने. मी एकदा स्वयंपाकघरात लावलं होतं. पडदे, कोट, मुलाचं शाळेचं दप्तर, सगळ्याला चार दिवस लसणाचा वास. मुलगा अजून तो किस्सा पाहुण्यांना सांगतो.

यंत्र नसेल तर ओव्हन, पण जपून. इथले बरेच ओव्हन 170 फॅरनहाइटच्या खाली उतरत नाहीत, म्हणजे साधारण 75 सेल्सिअस. एवढ्या आचेवर वरचा थर आधी कडक होतो आणि आतलं पाणी कोंडतं. दार लाकडी उलथनं अडकवून दोन बोटं उघडं ठेव, पंखा असेल तर चालू कर आणि दर अर्ध्या तासाने चकत्या हलव. तीन-चार तासांत होतं. तपकिरी झालेले तुकडे वेचून काढ, ते कडू लागतात आणि एवढेसे असले तरी सगळी भुकटी बिघडवतात. लहान मुलं किंवा मांजर घरात असेल तर मात्र हा उघड्या दाराचा कारभार नको.

झालं की नाही हे गरम असताना कळत नाही. चार चकत्या बाहेर काढ, दहा मिनिटं गार होऊ दे आणि बोटांत दाब. काडीसारखी कट्कन मोडली तर झाली. रबरासारखी दबली तर अजून दोन तास. नखाने टोचून बघ, ओलसर काही जाणवता कामा नये. पाऊण किलोचे माझ्याकडे साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम होतात. एवढुसं बघून जीव हळहळतो, पण सगळा वास त्यातच असतो.

लगेच डबा भरून कपाटात टाकू नकोस. काचेची बरणी दोन-तृतीयांश भर, झाकण लाव आणि आठवडाभर टेबलावर ठेव. रोज एकदा हलवायची. काही तुकडे कमी वाळलेले असतात, त्यांची ओल बाकीच्यांत वाटली जाते. काचेच्या आतून धुकं धरलं किंवा तुकडे एकमेकांना चिकटले, तर सगळं परत यंत्रात. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी अख्खी बरणी टाकायची, निवडत बसायचं नाही. हे रोजचं हलवायचं काम आप्पांना दे. सकाळच्या चहानंतर ते बरणी उजेडाला धरून बघतील. कांद्याच्या चाळीत त्यांनी आयुष्यभर तेच केलंय.

तुकडे अख्खेच ठेव, भुकटी लागेल तशी कर. भुकटी हवेतली ओल पटकन ओढते आणि महिनाभरात तिचा दगड होतो. मिक्सरचं झाकण लगेच उघडू नकोस, पाच मिनिटं बसू दे, नाहीतर ती धूळ नाकात गेली की शिंकून शिंकून जीव जातो. पिठल्यात, साराला, वरणाला ती शेवटी घाल. फोडणीत घातलीस तर क्षणात करपते.

उरलेला अर्धा किलो वाळवू नकोस. खरं सांगू? मला विचारशील तर वाळवण्यापेक्षा गोठवणं बरं. पण तू वाळवण्याचं विचारलंस आणि आप्पांना न्यायलाही तेच सोपं, म्हणून इतकं लिहिलं. दांडे चिरून ताटलीत पसरून फ्रीझरमध्ये कडक होऊ दे, मग पिशवीत भर, हवा काढ. हिवाळाभर मूठमूठ काढून बटाट्याच्या काचऱ्यांत टाकता येतात. ठेचा करायचा असेल तर दांडे, हिरव्या मिरच्या, मीठ, जिरं असं भरड वाट, चमचाभर तेल घाल आणि बर्फाच्या साच्यात गोठव. एकेक खडा काढायचा. हो, यात तेल आहे, पण गोठलेल्यात तो जिवाणू वाढत नाही. बाहेर काढलेला खडा मात्र फ्रिजमध्येच ठेवायचा आणि चार दिवसांच्या आत संपवायचा.

तुझ्या कोरियन मित्राला विचार, त्यांच्याकडे हे दांडे सुकवलेल्या कोळंबीबरोबर परततात, सोया सॉस आणि थोडा गोडवा घालून. मला ते पहिल्यांदा खाताना सुकटीचीच आठवण झाली. इथल्या चिनी किंवा कोरियन दुकानात छोटी सुकी कोळंबी मिळते. कांदा, लाल तिखट, कोकम आणि वर मूठभर दांडे घालून सुकट कर, भाकरीबरोबर आप्पांपुढे ठेव. डेंगळ्यांवरचा राग तिथेच उतरेल.

आता गावी न्यायचं काय? बरणी नाही, चटणी न्यायची. वाळलेल्या चकत्या एक वाटी, सुकं खोबरं किसून मंद भाजलेलं एक वाटी, भाजलेले शेंगदाणे अर्धी वाटी, तिखट दोन चमचे, मीठ. आंबटपणासाठी चिंचेचं बुटुक नको, त्यात ओल असते, आमचूर घाल. सगळं पूर्ण गार झाल्यावरच भरड काढ. हिरवट-लाल रंगाची होते आणि खोबऱ्याला तेल सुटलं की वास असा येतो की डबा भरता भरताच निम्मी संपते. हवाबंद पिशवीत घाल, वर नाव लिही. खोबरं दोनेक महिन्यांत खवट होतं, म्हणून चटणी जायच्या आठवड्यातच कर, तोवर चकत्या बरणीतच राहू देत.

एक गोष्ट आप्पा तुला विचारणारच, ती आधीच सांगते. “हा लसूण जुन्नरला लावला तर?” नको. एक तर लागवडीचं साहित्य परदेशातून न्यायला परवाना आणि तपासणी लागते, ते गुपचूप बॅगेत घालायचं नसतं. दुसरं, जुन्नरची थंडी कितीही बोचरी असली तरी या लसणाला ती पुरायची नाही.

इथे मात्र त्यांना एक खेळ देता येईल. वाफ्याच्या कोपऱ्यात कापायचे राहिलेले एक-दोन दांडे सापडतात का बघ, माझ्याकडे दरवर्षी सापडतात. ते तसेच वाढू दे. कांद्याच्या गोंड्यात काळं बी धरतं, ते आप्पांना पाठ आहे. या गोंड्यात बी नसतं, तांदळाच्या दाण्याएवढ्या बारीक लसणी असतात, अगदी सोललेल्या पाकळीसारख्या. त्या लावल्या तर पहिल्या वर्षी एकच गोल पाकळी होते आणि पूर्ण गड्डा व्हायला तीन-चार वर्षं जातात. बाकीचा लसूण जुलैच्या मध्यानंतर, खालची तीन-चार पानं वाळली की उपट. त्याला सावलीत टांगायचं काम मात्र आप्पांच्याच पद्धतीने कर, तिथे ते तुझ्या-माझ्यापेक्षा शहाणे आहेत.

पुढच्या लागवडीसाठी सगळ्यात मोठे गड्डे बाजूला ठेव. तुमच्याकडे पाकळ्या ऑक्टोबरमध्येच लावायच्या असतात. आप्पांचं तिकीट अजून काढलं नसशील, तर महिनाअखेरचं काढ.

– तुझी ताई